दर्यापूरचा दर्या

आमच्या साहेबांचा सरकारी कागदावर विश्वास होता. हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तर तुम्ही कुठल्या तरी सरकारी कचेरीत नोकरी केलेली असणार. आम्ही बाकीचे लोक शासन निर्णय वाचायचो ते तारीख आणि सही बघण्यापुरते. साहेब मात्र पहिल्या ओळीपासून 'राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' इथपर्यंत सगळं वाचायचे, आणि वाचून झालं की त्यात लिहिलेलं करायला निघायचे. कचेरीत याला आजार समजत.

या आजारापायीच ते आमच्याकडे येऊन पडले होते. आधी ते संत्र्याच्या खात्यात होते. तिथे एका शीतगृहाचं मोठ्या थाटात उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी यांनी वर लेखी कळवलं, की शीतगृहात गारवा नाही. असा माणूस कुठल्याही खात्याला परवडत नाही. त्यामुळे ज्या खुर्चीवर बसून काहीही बिघडवता येणार नाही, अशी खुर्ची त्यांच्यासाठी शोधण्यात आली, आणि ती नेमकी माझ्या टेबलासमोर निघाली.

आमच्या कक्षाचं नाव 'सागरी खाद्य निर्यात बाजार विकास साहाय्य कक्ष'. ठिकाण अमरावती. अमेरिकेनं आपल्या कोळंबीवर कर वाढवला, किनाऱ्यावरचे कारखानदार ओरडले, आणि सरकारनं ठरवलं की आता नवे देश, नवे बाजार शोधायचे. निर्यात करणाऱ्यांना परदेशातल्या प्रदर्शनांना न्यायचं, मालाची तपासणी करून द्यायची, तिकडचे खरेदीदार इकडे आणायचे. हेतू चांगला होता. फक्त ही मदत सगळ्या विभागांना सारखी मिळावी म्हणून प्रत्येक विभागात एक कक्ष उघडायचा हुकूम निघाला, आणि अमरावती हाही विभागच आहे. इर्विन चौकातल्या पानठेल्यावर बोललं जायचं, की वरच्या कुण्या हुशार माणसानं नकाशात 'दर्यापूर' हे नाव वाचलं आणि पुढचं सगळं आपोआप झालं. आता दर्यापुरात दर्या नाही. जवळून पूर्णा जाते, आणि उन्हाळ्यात तिच्यातही पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. पण हुकूम तो हुकूम.

रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब गमबूट घालून आले. स्वतःच्या पैशानं घेतलेले, काळे, गुडघ्यापर्यंतचे. दिवस मे महिन्याचे. बाहेर डांबर वितळत होतं आणि साहेब रबरी बुटांतून पचक पचक आवाज करत कचेरीच्या पायऱ्या चढत होते. आत पाणी नव्हतं, घाम होता.

"साहेब, हे काहून घातले?" शिपाई मामांनी विचारलं. मामा निवृत्तीला आलेले, कशाचंही आश्चर्य न वाटणारे गृहस्थ. पण या बुटांपुढे त्यांनाही राहवलं नाही.

"कक्षाच्या अधिकाऱ्यानं उत्पादनाच्या जागी जावं असं लिहेल हाय," साहेब म्हणाले. "जाचं पडलं तं तयारी पायजे."

"कोठी जासान?"

"ते मले अजून माहीत नाही."

मग ते फळ्याकडे वळले आणि त्यावर मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या. हे त्यांनी पुढे रोज केलं. सकाळी आलो की पहिलं दर्शन भरतीचं. मामा पाण्याचा माठ भरताना तो फळा वाचायचे आणि "आज दुपारी येऊन राहिली" असं मला गंभीरपणे सांगायचे.

पहिले काही महिने आमच्याकडे कुणीही फिरकलं नाही. एकदा एक म्हातारे आजोबा पेन्शनचं विचारायला आले. एकदा घरात ठेवायचे रंगीत मासे विकणारा आला. नेमानं येणारे एकच, पेट्रोल पंपवाले भाऊ. भाऊंची वर ओळख होती. किती वर ते कधी नीट कळलं नाही, पण आमच्या साहेबांच्याही वर असलेले, विभागाचे मोठे साहेब भाऊ आले की स्वतः उठून पंखा लावायचे. भाऊंना आमच्या योजनेतलं एकच कलम पाठ होतं, परदेशातल्या प्रदर्शनाचं. ते येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि विचारायचे, "कवा जाऊन राहिलो आपण?"

"तुमी काय पिकवता?" आमचे साहेब दर वेळी विचारायचे.

"आपलं शेततळं हाय ना."

"त्यात काय हाय?"

"प्लास्टिक टाकेल हाय."

"अन पाणी?"

"ते बी टाकू ना बाप्पा, काय घाई हाय?"

आणि मग एके दिवशी वंदनाताई आल्या. आल्या म्हणजे दार ढकलून, दम टाकत, दर्यापूरच्या एसटीची धूळ पदरावर घेऊन. खुर्चीवर न बसताच त्यांनी विचारलं, "झिंग्याचे साहेब तुमीच काय?"

साहेब उठून उभे राहिले. सरकारी भाषेत जिला कोळंबी म्हणतात तिला आमच्याकडे झिंगा म्हणतात, आणि त्या नावानं त्यांना हाक मारणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. "हो," ते म्हणाले. "मीच." मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पसंती कळवल्यावर बापाचा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

वंदनाताईंची जमीन खारपाणपट्ट्यातली. जमीन काळीभोर, दृष्ट लागावी अशी, पण खाली पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही की साबणाला फेस येत नाही. बोअर मारली तर पिकाला पाजता येत नाही, नाही मारली तर पाऊस सांगेल तसं जगायचं. त्यांचा भाऊ गुजरातेत झिंग्यांच्या तळ्यावर कामाला होता. तो दिवाळीला आला, बोअरचं पाणी जिभेवर घेऊन म्हणाला, "अक्का, आमचा शेठ असंच पाणी समुद्रातून ओढते." एवढ्यावर या बाईनं तळं खोदलं, आणि भावाच्या हातानं तिकडून पिल्लं आणली. पहिल्या खेपेची सगळी मेली. पाणी खारं असलं तरी समुद्राचं नसतं, त्यात काही कमी असतं ते वरून घालावं लागतं, हे पुढे भावाच्या शेठनं सांगितलं. गावानं हसून घेतलं. नवरा, गजाननभाऊ, शांत माणूस. तो एवढंच म्हणाला, की आणखी एकदा करून पाहू, नाही जमलं तर मी सुरतेला कामाला जातो.

आता दुसरी खेप तळ्यात तयार होती, चांगली बोटभर वाढलेली. आणि घेणारं कुणी नव्हतं. अकोल्याचा व्यापारी म्हणाला, एवढ्याशा मालासाठी बर्फाची गाडी कोण पाठवेल.

"तुमच्या पाटीवर निर्यात लिहेल हाय," वंदनाताई म्हणाल्या. "मंग करा ना."

माझ्या उभ्या नोकरीत पाटीवर लिहिलेलं काम कुणी इतक्या सरळ मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी साहेबांकडे पाहिलं. ते गमबूट ओढून वर घेत होते.

आम्ही त्याच दिवशी दर्यापूरच्या बाजूला गेलो. जीप कक्षाच्या नावावर होती पण मोठ्या साहेबांच्या घरी राहायची, म्हणून एसटीनं गेलो. तळ्याच्या काठी साहेबांनी शासन निर्णय काढला. त्यात लिहिलं होतं, की अधिकाऱ्याने मालाचा दर्जा स्वतः पडताळावा.

"म्हंजे पाहावा," मी म्हणालो. मला पुढचं दिसायला लागलं होतं. साहेबांच्या घरात अंडंही येत नसे. त्यांचं घराणं भाजीपाला पिकवणारं, आई अजून सकाळी बाजारात मेथी-पालक घेऊन बसायची, आणि एकादशी तर माणसांनीच काय, घरच्या मांजरानंही पाळावी असा तिचा आग्रह.

"पाहून खाण्याच्या वस्तूचा दर्जा समजते काय?" साहेबांनी मला विचारलं.

वंदनाताईंनी शेडमध्ये चूल पेटवली. तिखट, मीठ, हळद लावून झिंगे तेलात परतले आणि ताटलीत घालून पुढे ठेवले. साहेबांनी एक उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

"कोणत्या बाजूनं खाचा?"

"तोंडानं," वंदनाताई म्हणाल्या.

साहेबांनी डोळे मिटले आणि खाल्ला. बराच वेळ चावला. गजाननभाऊ हात जोडल्यासारखे करून उभे होते. मला तर वाटलं, हा माणूस आता तळ्यात उलटी करणार आणि झिंगे दुसऱ्यांदा मरणार.

"कसा लागला, साहेब?"

"मले तुलना कराले काही नाही," साहेब घोट गिळून म्हणाले. "वांग्यासारखा नाही, येवढं सांगतो." आणि कागदावर 'दर्जा समाधानकारक' असं लिहून सही केली.

त्यांना खोटं बोलता येत नसे, म्हणून घरी गेल्यावर त्यांनी आपण होऊन आईला सांगितलं. "सरकारी कामात बाटलो, माय."

"मंग सरकारच्या घरी जेव," म्हातारी म्हणाली आणि त्यांचं ताट ओसरीवर मांडलं. ते कित्येक महिने तिथेच राहिलं. ओसरीत वारा चांगला येतो, असं ते आम्हाला सांगायचे.

त्यानंतर अकोल्याची कार्यशाळा झाली. ती व्हायचीच होती, त्यासाठी निधी आला होता आणि आलेला निधी परत पाठवणं हे आमच्या खात्यात पाप समजतात. खरेदीदार आणि विक्रेते यांची भेट घडवून आणायची, असा विषय. सभागृह मोठं घेतलं होतं. विक्रेते म्हणून भाऊंचे पाहुणे आणि पंपावरचे कर्मचारी आणून बसवले होते. खरेदीदार मात्र एकच खरा होता. तो साहेबांनी स्वतः फोनवर फोन करून बोलावलेला, विशाखापट्टणचा एक स्थूल, घामाघूम निर्यातदार. तो अकोला स्टेशनवर उतरून आला होता, आणि समुद्र सोडून आपण इतक्या आत का आलो, हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

आता गंमत अशी, की सभागृहाच्या मालकांचा नियम होता, आवारात मांसाहार निषिद्ध. त्यामुळे सागरी खाद्याच्या कार्यशाळेत जेवणाला पनीर, मटार-बटाटा आणि गुलाबजाम. पडद्यावर समुद्राचे फोटो, व्यासपीठावर नीलक्रांतीवर भाषण, आणि फाटकावर वंदनाताई बर्फाचा डबा डोक्यावर घेऊन उभ्या.

"बाई, डब्यात काय हाय?" रखवालदारानं विचारलं.

"झिंगे."

"आत नाही नेता येत."

"आत काय चालू हाय मंग?"

रखवालदारानं वळून वर लावलेला फलक वाचला. पुन्हा वाचला. "बाई, तो बोर्ड काही मी नाही लावला," तो म्हणाला. "मी फक्त डबा अडवतो."

मी आत जाऊन साहेबांना सांगितलं. दुसरा कुणी असता तर मोठ्या साहेबांच्या कानाशी लागला असता, किंवा बाईला पुढच्या कार्यशाळेला या म्हणाला असता. साहेब फाटकावर आले आणि रखवालदाराला अदबीनं विचारलं, "भाऊ, आवार कोठपर्यंत हाय?"

"या फाटकापर्यंत."

"बरं," साहेब म्हणाले आणि फाटकाच्या बाहेर गेले. रस्त्याच्या कडेला ऑम्लेटची हातगाडी उभी होती. साहेबांनी गाडीवाल्याशी काहीतरी बोलून घेतलं, वंदनाताईंनी पदर खोचला, आणि अकोल्याच्या भर रस्त्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, निर्यात बाजार विकासाला सुरुवात झाली.

वास आत पोचायला वेळ लागला नाही. मागच्या रांगेतले लोक पाणी प्यायला उठावं तसे उठले. मग मधल्या रांगा रिकाम्या झाल्या. प्रमुख पाहुणे "हा दिवस विदर्भाच्या इतिहासात" असं म्हणत होते तेव्हा समोर मोठे साहेब, भाऊ आणि फोटोवाला एवढेच उरले होते. विशाखापट्टणचा माणूस तर कधीच बाहेर आला होता. तो हातगाडीला टेकून खात होता, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावरचा प्रश्न गेला होता.

"मॅडम, ये कौन से समंदर का है?"

"समंदर नहीं है जी," वंदनाताई म्हणाल्या. "घर के बोअर का पानी है."

"उसमें नमक कितना है?"

"दाल नहीं पकती इतना."

तो पोट हलेपर्यंत हसला. मग बोटं पुसून त्यानं तळ्याची चौकशी केली, खायला काय घालता, औषधं काय मारता, सगळं खोदून खोदून विचारलं, आणि म्हणाला, तपासणीत माल स्वच्छ निघाला तर सगळा मी उचलतो, बर्फाची गाडी माझी. शिवाय कोरियातल्या प्रदर्शनात माझा गाळा आहे, तिकडचे लोक विचारतात की पिकवतं कोण. या बाई गाळ्यावर उभ्या राहिल्या तर माझ्या दहा भाषणांचं काम होईल.

साहेबांनी तिथल्या तिथे त्याच्याकडून तसं लिहून घेतलं. हातगाडीवरच, अंड्यांच्या टोपलीशेजारी. तपासणी महिन्याच्या आत साहेबांनी करून घेतली. माल स्वच्छ निघाला, गाडी आली आणि तळं रिकामं झालं.

त्यानंतर एके सकाळी मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. भाऊ आधीच बसले होते. प्रदर्शनाला जाणाऱ्यांची नावं पाठवायची होती, आणि ती कक्षाच्या अधिकाऱ्याच्या सहीनं जायची असतात, एवढीच काय ती अडचण होती.

"ही नावं," मोठे साहेब म्हणाले. "भाऊ, मी, आणि वहिनी."

"कोणत्या वहिनी?"

"माझ्या घरच्या."

साहेबांनी विचार केला. "उत्पादक कोणीच नाही यात. नव्या उत्पादकाले पहिला मान, असं लिहेल हाय. मी वंदनाताईचं नाव देऊन राहिलो."

"अरे, ती बाई कधी नागपूरच्या पुढे गेली नाही," भाऊ म्हणाले. "तिथं जाऊन काय बोलन?"

"झिंग्याबद्दल बोलन. तुमी काय बोलसान?"

मोठ्या साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मेळघाटाच्या जंगलात, धारणीला एक जागा रिकामी आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

अशा वेळी माणसानं काय करायचं ते आम्हा सगळ्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षीच समजतं. खाली पाहायचं, "तसं नाही साहेब" म्हणायचं आणि सही करायची. आमच्या साहेबांनी चेहऱ्यावर खरोखरची काळजी आणून विचारलं, "कवापासून रिकामी हाय? लोकाईची कामं अडून राहिली असतीन ना?"

त्यांनी वंदनाताईंच्या नावावर सही केली. पासपोर्टसाठी ते त्यांच्यासोबत स्वतः रांगेत उभे राहिले. वंदनाताईंची सासू "पोरीले समुद्रापार कोठी धाडता" म्हणून रडत होती. तिच्यासमोर तास-दीड तास बसून त्यांनी तिला विमान म्हणजे काय ते सांगितलं. स्वतः विमानात कधी न बसता. वंदनाताई कोरियाला गेल्या. भाऊही गेलेच, 'मार्गदर्शक' म्हणून, दुसऱ्या कुठल्या तरी खात्याच्या खर्चानं. ज्या दिवशी त्यांचं विमान उडालं त्याच दिवशी साहेबांच्या हातात धारणीची ऑर्डर पडली. त्यांनी फळ्यावरची भरती पुसली, मामांना नमस्कार केला आणि मेळघाटाच्या जीपमध्ये बसून गेले. आईनं जाताना भाकरी बांधून दिल्या, आणि "तिकडं जेवाले घरात बस" एवढंच म्हणाली.

वंदनाताई परत आल्या त्या काम करून. तिकडच्या दोघातिघांनी विशाखापट्टणच्या माणसाकडे खारपाणपट्ट्याचा माल नावानं मागितला. भाऊ तीन सुटकेसी भरून आले. पुढच्या हंगामात वंदनाताईंच्या आजूबाजूला आणखी तळी खोदली गेली, आणि गजाननभाऊंनी सुरतेचं नाव काढलं नाही. आमचा कक्ष मात्र, उद्दिष्ट पूर्ण झाल्यामुळे, बंद करण्यात आला.

उद्दिष्ट पूर्ण झालं म्हटल्यावर सत्कार आला. थंडीत, दर्यापूरला, मांडव घालून. व्यासपीठावर मोठे साहेब, भाऊ आणि वरची मंडळी. फलकावर भाऊंचा फोटो, हातात झिंगा धरलेला. तो झिंगा कोरियातला होता हे मला वंदनाताईंनी सांगितलं. त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि ध्वनिक्षेपकापुढे आणून म्हणाले, दोन शब्द बोला, मान्यवरांचे आभार माना.

वंदनाताईंनी व्यासपीठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग माइकमधूनच विचारलं, "आमचे साहेब कोठी हायेत?"

सगळे मान्यवर एकमेकांकडे पाहायला लागले. मोठे साहेब हसून म्हणाले, "मी आहे ना ताई."

"तुमी नाही. आमचे."

शेवटी मागे खुर्च्या मोजत उभ्या असलेल्या मामांनी हाक दिली, "ते धारणीले हायेत, ताई!"

"बरं झालं सांगतलं," असं म्हणून त्या खाली उतरल्या. आभार राहूनच गेले.

दुसऱ्याच दिवशी त्या शाल घेऊन धारणीला गेल्या. पुढचं सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. साहेब कचेरीबाहेर अंगणात टेबल टाकून बसले होते, समोर कोरकू आदिवासी बायांची रांग, आणि प्रत्येकीला ते कसलं तरी कलम वाचून दाखवत होते. वंदनाताईंना पाहून त्यांनी तळ्याचं विचारलं, पाण्याचं विचारलं, सासूचं विचारलं. शाल पाहिल्यावर मात्र खुर्चीसकट मागे सरकले.

"मले नाही घेता येत, ताई. नोकरीत हाय मी."

"सरकारनंच देल्ली हाय ती."

"तुमाले देल्ली. मले नाही."

"घ्या, नाही तं फेकून देतो."

"फेका, पण मी नाही घेत."

बराच वेळ असं चाललं. शेवटी संध्याकाळ व्हायला आली, साहेब त्यांना एसटीपर्यंत सोडायला निघाले. पाहुणीनं सामान वाहू नये म्हणून शाल त्यांनीच हातात घेतली. परतवाड्याची गाडी उशिरा होती. मेळघाटातला वारा सुटला, आणि साहेबांच्या अंगात एक पातळ सदरा होता. वंदनाताईंनी पाहिलं, की ते दात वाजू नयेत म्हणून तोंड मिटून उभे आहेत.

"गाडी येईपर्यंत तं घ्या अंगावर," त्या म्हणाल्या. "गाडी आली का वापस करजा."

साहेबांनी विचार केला. गाडी येईपर्यंत वापरणं म्हणजे घेणं नव्हे, असं त्यांना बहुतेक पटलं असावं. त्यांनी शाल पांघरली, अगदी जपून, घडी मोडू नये अशी. मग दोघं झिंग्यांच्या भावाबद्दल बोलत उभे राहिले.

गाडी आली. वंदनाताई चटकन चढल्या, दाराजवळच बसल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "भाऊ, बेल मारा लवकर." गाडी हलली तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं. ते शाल सावरत गाडीमागे धावत सुटले. "ताई! शाल! ओ ताई, तुमची शाल!" कंडक्टरनं विचारलं, "बाई, तुमाले बलावून राहिले काय?"

"नाही," वंदनाताई म्हणाल्या, आणि काच लावून घेतली.